ॲक्युपंक्चर सुरू करण्यापूर्वी

खानदेशात कंबर आणि गुडघे धरणे ही घरोघरची गोष्ट आहे. वेचणीच्या हंगामात दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाया आणि रावेर-यावलकडे केळीचे घड खांद्यावरून वाहणारे मजूर वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढतात, आणि पोटाने किंवा मूत्रपिंडाने तक्रार केली म्हणजे दुसरा मार्ग शोधू लागतात. मी स्वतः धुळ्यात अर्धशिशीसाठी ॲक्युपंक्चर, म्हणजे शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याचा चिनी उपचार, घेतले, त्यामुळे नात्यातील अनेक जण आता मला त्याविषयी विचारतात. अमळनेरच्या मावशीचा पहिला प्रश्न होता, "सुई दुखस का?" बहुतेकांच्या मनातील भीती हीच असते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ही सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते आणि तिच्यातून कोणतेही औषध शरीरात जात नाही. ती भरीव, स्टीलची आणि साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. इंजेक्शनची नेहमीची सुई तिच्या दुपटीहून जाड असते. अनेक चिकित्सक ती प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून त्वचेवर टेकवतात आणि वरच्या टोकावर बोटाने हलकी टिचकी मारतात, तेव्हा जाणवते ती मुंगी चावल्याएवढी टोच. खरा अनुभव त्यानंतरचा आहे. सुई थोडी आत गेल्यावर आणि चिकित्सकाने ती बोटांत किंचित फिरवल्यावर त्या जागी जडपणा येतो, आतून कोणी दाबून धरल्यासारखे वाटते आणि कधी मुंग्या येतात. गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूला एक बिंदू आहे. तिथे सुई लावली, की हा जडपणा पोटरीवरून घोट्याकडे सरकताना मला स्पष्ट कळत असे. चिनी परंपरेत या संवेदनेला 'द ची' म्हणतात आणि सुई योग्य जागी लागल्याची ती खूण मानली जाते. मात्र झटका बसल्यासारखी तीव्र कळ आली किंवा आग होऊ लागली, तर ती सोसत पडून राहू नये, तत्काळ सांगावे.

पहिल्या भेटीत सुयांपेक्षा प्रश्नांनाच अधिक वेळ लागतो, आणि लागायलाच हवा. दुखणे कधीपासून आहे, कशाने वाढते, झोप कशी आहे, कोणती औषधे चालू आहेत, हे सारे विचारले जाते. काही चिकित्सक जीभ आणि नाडीही पाहतात. रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर, गर्भारपण, मधुमेहामुळे पायांना आलेला बधिरपणा यांपैकी काहीही असल्यास ते न विचारताही सांगावे. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला सुयांना जोडलेला विजेचा सौम्य प्रवाह देणे टाळले जाते, आणि बधिर पायावरील जखम किंवा संसर्ग लवकर लक्षात येत नाही. सुयांचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडले जावे आणि काम झाल्यावर सुया फेकून दिल्या जाव्यात, असा आग्रह धरण्यात संकोच कसला? छाती आणि खांद्याच्या भागात सुई फार खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. असे क्वचितच घडते, परंतु अप्रशिक्षित माणसाच्या हाती स्वतःला न सोपवण्याचे ते पुरेसे कारण आहे. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि चिकित्सकांची नोंदणी महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे होते. केंद्र सरकारनेही २०१९ साली या चिकित्सेला मान्यता दिली. तेव्हा नोंदणीविषयी विचारणे हा आपला हक्क आहे.

आपल्याकडे विशेष जपावे ते उपवासाला आणि उन्हाला. उपाशीपोटी सुया घेतल्यास चक्कर येणे, घाम फुटणे, क्वचित शुद्ध हरपणे असे प्रकार होतात, आणि आपल्या घरांत तर चतुर्थी, एकादशी, सोमवार, गुरुवार यांतील एखादा उपवास नेहमीच चालू असतो. त्या दिवशी भेट घेऊच नये. इतर दिवशी दीड-दोन तास आधी हलके जेवण करावे. सुया लावून साधारण वीस ते तीस मिनिटे पडून राहावे लागते, आणि अनेकांना त्या वेळी गाढ झोप लागते. त्यानंतर अंगात एक सुस्ती राहते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर असताना अशा अवस्थेत दुपारी मोटारसायकलवर बसून गावाकडे निघणे धोक्याचे आहे. सकाळची वेळ घ्यावी, पहिल्या खेपेला कोणाला तरी सोबत न्यावे, आणि उठल्यावर थोडा वेळ बसून पाणी पिऊन मगच बाहेर पडावे. गुडघ्यापर्यंत सहज वर सरकेल असा सैल पोशाख असावा. बायकांनी सोबत आपली बाई असू द्यावी, कोणत्याही चांगल्या दवाखान्यात त्याला हरकत घेतली जात नाही. त्या दिवशी एखाद्या जागी लहानसा निळा डाग उमटला किंवा मूळ दुखणे थोडे वाढल्यासारखे वाटले, तर सहसा एक-दोन दिवसांत ते शमते.

आता परिणामांविषयी, कारण निराशा आणि फसवणूक दोन्ही इथेच होतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे ही विद्या शिकून ती कोलकात्यात रुजवली, आणि तिचा भारतातील प्रसार तिथून झाला. हा इतिहास मला अतिशय प्रिय आहे. पण उपचार इतिहासावर नव्हे, पुराव्यावर निवडावा. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका ठरवणारी 'नाइस' ही संस्था नेहमीच्या प्रतिबंधक औषधांनी भागत नसेल तर अर्धशिशीसाठी पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठकांचा विचार करावा असे सांगते, परंतु त्याच संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी आणि २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे म्हटले. चुकीच्या जागी किंवा वरवर लावलेल्या सुयांनीही अनेकांना बरे वाटते, आणि खऱ्या उपचारातील फरक त्याहून थोडाच अधिक असतो, असे बऱ्याच चाचण्यांत दिसले आहे. मला स्वतःला डोकेदुखीचे दिवस कमी झाल्याचा लाभ झाला आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. तरीही मावशीला मी स्पष्ट सांगितले, की गुडघ्याच्या सांध्यातील झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, सुयांनी परत येत नाही, दुखणे काहीसे हलके झाले तर तेवढेच मिळकतीत धरावे आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम सोडू नये.

म्हणून आधी निदान, मग सुया, हा क्रम मी कोणासाठीही बदलणार नाही. पायातील शक्ती जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तापासोबत पाठ दुखत असेल किंवा वजन अकारण घटत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. अशा वेळी घालवलेला आठवडाही महागात पडू शकतो. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नयेत. 'सारे रोग मुळापासून घालवतो' असे सांगणाऱ्याच्या दारातूनच परत फिरावे.

सुरू करण्यापूर्वी एका वहीत दुखण्याला शून्य ते दहा असे गुण रोज लिहायला लागावे, आणि किती पावले चालता आली, रात्री किती वेळा जाग आली, किती गोळ्या लागल्या हेही टिपावे. पाच-सहा बैठकांनंतर वही उघडून चिकित्सकासमोर ठेवावी. आकडे हलले नसतील तर थांबण्याविषयी मोकळेपणाने बोलावे. मोठ्या 'पॅकेज'चे पैसे एकदम भरलेले असले की हे बोलणे जड जाते, त्यामुळे प्रत्येक बैठकीचे शुल्क त्या त्या वेळी देण्याची सोय आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.