बंड्याने शंख बदलला, पण आपल्या मर्जीने

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात बोर्डवॉकवरच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या लाकडी फळ्यांच्या वाटेवरच्या दुकानांत हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखात राहणारे खेकडे, विकायला असतात. लेकीने हट्ट धरला आणि फुटबॉल रंगवलेला शंख पाठीवर घेऊन बंड्या घरी आला. दुकानदार म्हणाला, "मोठा झाला की बदलेल." खरं होतं, पण अर्धंच.

हा मूळचा कॅरिबियनकडचा, जमिनीवर राहणारा खेकडा. पोट मऊ आणि पीळ पडलेलं. स्वतःचा शंख बनवता येत नाही, म्हणून मेलेल्या गोगलगायींचे वापरतो. वाढतो तो कात टाकताना, वाळूत स्वतःला गाडून घेऊन. लहान असेल तर काही आठवडे, मोठा असेल तर महिने. सगळ्यात अवघड काळ हाच. लेक सारखी विचारायची, "आई, मेला का गं तो?" मेला असता तर सडक्या मासळीचा वास सुटला असता, एवढ्यावर मी धीर धरला आणि वाळू उकरू दिली नाही. नुकती कात टाकलेला खेकडा इतका नाजूक असतो की उकरताना जीवही जाऊ शकतो.

दरम्यान टर्बो नावाच्या समुद्री गोगलगायीचे न रंगवलेले शंख आणले, उकळून गार केले आणि टाकीत ठेवले. या जातीला गोल तोंडाचे शंख आवडतात. तोंड त्याच्या मोठ्या, डाव्या नांगीपेक्षा जरासं रुंद हवं. रंगाचे टवके उडून पोटात जातात, त्यामुळे ती चित्रं फक्त गिऱ्हाइकासाठी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंड्या वर आला, पण शंख तोच. मग एका रात्री एकेक शंख उलटापालटा करून, आत नांगी घालून मापं घेत बसला, चपलांच्या दुकानातल्या चिकित्सक गिऱ्हाइकासारखा. पोट क्षणभर बाहेर, लगेच नव्यात. पुन्हा जुन्यात! बऱ्याच खेपांनंतर तो टर्बोत स्थिरावला.

वाढ हे एकच कारण नसतं. शंख फुटला, जड झाला किंवा दुसरा जास्त आवडला तरी बदलतात. शंखांची टंचाई असेल तर एक दुसऱ्याला ओढून बाहेरही काढतो. मात्र शंख सोडून उघडाच फिरू लागला, तर ती धोक्याची खूण. तेव्हा आधी हवा तपासायची: आर्द्रता 75 ते 85 टक्के, तापमान 24 ते 28 अंश सेल्सिअस. गोडं आणि समुद्री मिठाचं, अशी दोन्ही पाणी क्लोरीन काढूनच ठेवायची. उघड्या खेकड्याला एक-दोन शंखांसह छोट्या भांड्यात, अंधारात एकटं सोडायचं. जबरदस्तीने शंखात कोंबायचं नाही.