तुम्ही विचारलंत म्हणून: कांदा, लसूण, तूर सोडू का?

आयबीएस, म्हणजे तपासणीत काही न सापडता आतडं हळवं होऊन पोट दुखण्याचा, शौच बिघडण्याचा आजार, म्हटलं की प्रश्न ठरलेला. "ऑस्ट्रेलियातला तो तक्ता आहे ना, त्यात कांदा, लसूण, डाळ सगळंच बंद सांगितलंय. सोडू का?" वावरातून आलेले विचारतात, तालुक्याचे मास्तर विचारतात, पुण्याच्या मुलीनं तक्ता फोनवर पाठवलेला असतो ते आईबाप विचारतात. दोन मिनिटांत सांगण्यासारखं उत्तर नाही, म्हणून मी "जरा कमी करा" एवढंच म्हणत आलो. त्या "जरा"नं नुकसान केलंय, म्हणून एकदा नीट लिहितो.

तक्ता मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाचा. काही साखरा लहान आतड्यात शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, पुढं मोठ्या आतड्यातले जंतू त्यांचा वायू करतात, आणि आधीच हळवं झालेलं आतडं त्या ताणानं दुखतं. कांदा, लसूण, गहू यांत फ्रुक्टन, डाळींत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, दुधात लॅक्टोज. हे मेलबर्नला खरं आणि मेहकरलाही खरं. तक्त्याशी माझं भांडण नाही.

एका बाईचं सांगतो, नाव-गाव राहू द्या. कापूस वेचायला जायच्या. सकाळपासून मुरडा, तीन-तीनदा घाईनं जाणं, आणि पऱ्हाटी कमरेएवढी, आडोसा कुठला? भाच्यानं मोबाइलवर मराठीत फिरणारा तक्ता दाखवला. मूळ तक्त्यात वर्ज्य आहे तो गव्हाचा ब्रेड. मराठीत येता येता त्याचं "पोळी-भाकर" झालं होतं. ज्वारी तर मोनॅशच्याच यादीत चालणाऱ्या धान्यांत बसते. म्हणजे बाईंच्या ताटात जे सगळ्यात निर्धोक होतं, तेच पहिलं गेलं. मग तुरीचं वरण गेलं, बेसन गेलं, कांदा-लसूण गेला. उरला मीठभात आणि दुधाचा चहा, दिवसातून पाच वेळा. तक्त्यात "दूध" लिहिलं होतं, "चहा" नव्हता लिहिला.

पहिल्या पंधरा दिवसांत बरं वाटलं. खरी गोम हीच. बरं वाटलं म्हणून आठ महिने तेच चाललं. अंगावरचे कपडे ढिले झाले, हिमोग्लोबिन खाली आलं. वजन उतरणं आणि रक्त कमी होणं ही आयबीएसची लक्षणं नाहीत. ती दिसली की आतड्याचा क्षय, सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याला इजा होण्याचा आजार), कर्करोग शोधावाच लागतो. म्हणून नागपूरच्या खेपा, दुर्बिणीची तपासणी, ऐन वेचणीत बुडालेली मजुरी. रिपोर्ट सगळे नॉर्मल. ती उपासमार होती आणि पथ्याच्या नावानं झाली होती. त्यांना "जरा कमी करा" म्हणणाऱ्यांत मीही होतो. अर्धवट पाळला तरी तक्त्यानं अपाय काय होणार, असं तेव्हा वाटायचं. मनातला तो जुना मी अजून म्हणतो, चूक भाषांतराची, तुझी नाही. मला ते पूर्ण पटत नाही, आणि पूर्ण खोडताही येत नाही.

मूळ पथ्याचे टप्पे तीन आहेत. पहिला दोन ते सहा आठवडे सगळं बंद ठेवण्याचा, बस. दुसरा एकेक पदार्थ परत आणून पाहण्याचा, आणि तिसरा जे सोसलं ते कायम ताटात घेण्याचा. मोबाइलवर फिरतो तो फक्त पहिला.

दुसरा टप्पा आपल्या चुलीवर असा करा. तुरीची डाळ रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात शिजवा. भिजवलेल्या पाण्यात त्या साखरांचा काही भाग उतरतो. पहिल्या दिवशी पाव वाटी वरण, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी नेहमीएवढं. त्या तीन दिवसांत पिठलं नको, गोळाभात नको. हरभरा त्याच गटातला, मग दोष कुणाचा ते कळत नाही. त्रास झाला तर थांबा, दोन-तीन दिवस पोट शांत होऊ द्या, मगच पुढचा पदार्थ. वहीत तारीख, माप आणि शौचाचं रूप लिहा. तूर नाही सोसली तर सालं काढलेली मुगाची डाळ करून पाहा, ती तुलनेनं सोपी जाते.

लसणाचं वेगळं आहे. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. पाकळ्या तेलात तळून काढून टाकल्या तर स्वाद राहतो, त्रास जातो. पण रश्शात शिजलेली पाकळी नंतर काढून उपयोग नाही, जे उतरायचं ते रश्शात उतरलेलं असतं. हे तेल त्या त्या वेळीच करा, बाटलीत भरून ठेवू नका. लसूण घातलेल्या साठवणीच्या तेलात बोटुलिझमचं विष तयार होऊ शकतं. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. डबीतल्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, पहिल्या टप्प्यात तेवढं वाचून घ्या.

आता आजाराच्या नावाबद्दल, कारण अडचण तिथंही आहे. जगभर आयबीएस ठरवतात ते रोम निकषांवर, म्हणजे तज्ज्ञांनी ठरवलेल्या लक्षणांच्या यादीवर. 2016 साली त्यातून "अस्वस्थता" हा शब्द काढला. काही भाषांत त्याला शब्दच नाही आणि लोक त्याचे अर्थ वेगवेगळे लावतात, म्हणून. उरली वेदना, आठवड्यातून निदान एक दिवस. 2021 साली 33 देशांचा मोठा अभ्यास आला. इंटरनेटवरून विचारलेल्या लोकांत आधीच्या निकषांनी 10.1 टक्के आयबीएस भरला होता, तो नव्यानं 4.1 वर आला. आपल्याकडचा माणूस काय सांगतो? "पोट साफ होत नाही", "ग्यास धरते". दुखते का म्हटलं तर "दुखत नाही जी". तो त्या व्याख्येत बसतच नाही, आणि त्रास तर पुरता असतो.

उलट "आव पडते" म्हटलं की गोळ्या ठरलेल्या. आयबीएसमध्येही शेम पडतो, अमीबा नसताना. तरी मेट्रोनिडाझोल या अमीबावरच्या औषधाचे कोर्सवर कोर्स घेतलेली माणसं गावोगाव आहेत. आधी शौचाची तपासणी करून घ्या. रक्त, ताप, झोपेतून उठवणारी कळ, उतरणारं वजन, पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेला त्रास, यांतलं काही असेल तर पथ्याचा तक्ता बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

पश्चिमेकडे या आजाराच्या रुग्णांत बायका जास्त. आपल्याकडे दवाखान्यात पुरुष जास्त येतात. बायकांना होत नाही असा याचा अर्थ मी लावत नाही. या आजाराचं मनाशीही नातं आहे. मँचेस्टरमध्ये 1980च्या दशकापासून संमोहनानं यावर उपचार करतात. इथं मनाचं नाव काढलं की "मले येडा समजता का?" असा चेहरा होतो. पण पेपरच्या दिवशी पोटात गोळा येतो हे त्याच माणसाच्या आईनं त्याला सांगितलेलं असतं. तिथून बोलणं सुरू केलं की माणूस ऐकतो.

आणि हा प्रयोग ऐन वेचणीत सुरू करू नका. शौचालय जवळ असेल असे सलग सहा-आठ आठवडे लागतात. वेचणी संपते तोवर लग्नसराई येते, पंगतीचं जेवण येतं. ते आठवडे वर्षात नेमके कुठून काढायचे, हे प्रत्येक घराशी बसूनच ठरवावं लागतं, आणि दर वेळी ठरतंच असंही नाही.