विरीवरचे नट-वॉशर

गोव्यात बाईकचा टायर बदलायचा तर मे महिन्यात. आंबे संपत आलेले असतात, मृगाला अजून अवकाश असतो आणि अंगणातली माती दगडासारखी घट्ट असते. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण जूनच्या चिखलात डबल स्टँड हळूहळू रुतत जातो आणि चाक निम्मं बाहेर आलं की नेमकी गाडी कलते. अंगण कच्चंच असेल तर स्टँडखाली फळी घालावी. इंजिनाखाली टेकू म्हणून जांभ्याचा चिरा चालतो, पण त्यावर लाकडाचा तुकडा हवाच. नुसता चिरा एका टोकावर भार आला की भुगा होतो.

टायर बदलायची वेळ झाली हे टायरच सांगतो. नक्षीच्या खाचांत मधेमधे रबराचे बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कायद्याने दुचाकीला 0.8 मिलिमीटरची खोली पुरते, पण ओल्या तांबड्या मातीला कायदा ठाऊक नसतो.

मागच्या चाकाचा नट दोन्ही चाकं जमिनीवर असतानाच ढिला करावा. गाडी स्टँडवर चढवून पान्यावर जोर दिला की नटाआधी गाडीच हलते. समुद्राजवळच्या गावांत हा नट खारट हवेने जाम झालेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सकाळी निमूट सुटतो. पाना रिंगचाच घ्यावा. उघड्या तोंडाच्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात, मग तो कोणाच्याच बापाला सुटत नाही.

आता पोफळीची एक विरी, म्हणजे झावळीचा देठाकडचा रुंद, चिवट भाग, आणून शेजारी ठेवा. थाळी चालेल, पण विरीला कडा असतात आणि ती घरात कोणी मागत नाही. जे निघेल ते निघालेल्या क्रमाने तिच्यावर मांडायचं: ब्रेकच्या दांड्याचा नट, पिन, स्प्रिंग, मग ब्रेकपॅनलला (ब्रेकच्या ड्रमवरच्या झाकणाला) धरणाऱ्या पट्टीचा बोल्ट, मग एक्सलचा, म्हणजे चाकाच्या आरपार जाणाऱ्या दांड्याचा, नट, वॉशर. एक्सल ओढला की स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा चिमटा) आणि ब्रेकपॅनल यांच्या मधली नळीसारखी कॉलर टपकन खाली पडते आणि घरंगळत थेट तुळशीवृंदावनाकडे जाते. चाक काढणं ही काही मोठी विद्या नाही. ती कॉलर कुठल्या बाजूची आणि तिचं कुठलं तोंड आत होतं, हे लक्षात ठेवणं हीच खरी विद्या.

बऱ्याच 100-125 सीसी गाड्यांत चेनच्या बाजूला दोन नट दिसतात. आतला मोठा तो स्लीव्ह नट, त्याला हात लावायचा नाही. त्याच्यामुळे चेन आणि तिचं मागचं दातेरी चक्र जागेवर राहतं, चाक तेवढं हबरबरातून (हबमधल्या झटके झेलणाऱ्या रबरातून) ब्रेकच्या बाजूला सरकून सुटतं. मडगार्ड आड येतं तेव्हा दुसऱ्या कोणीतरी गाडी थोडी कलती धरायची. घरात भाऊ, शेजारी, कोणीतरी असतोच.

ब्रेकच्या ड्रममधली काळी पूड तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवून पाहावं. खरखर लागली तर तेही आत्ताच बदलावं.

पुढच्या चाकाला डिस्क असेल तर चाक बाहेर असेपर्यंत ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही, पॅडमध्ये पुठ्ठा घालून ठेवायचा. नाहीतर पिस्टन बाहेर येतात. ड्रम असेल तर बसवताना ब्रेकपॅनलची खाच फोर्कवरच्या उंचवट्यावर बसलीच पाहिजे. ती बसली नाही तर ब्रेक दाबताच पॅनल चाकाबरोबर फिरतं. तिथे माफी नाही.

टायरवाल्याकडे चाक न्यायला पिवळ्या मडगार्डचा पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, बरा. मागे बसून चाक मांडीवर घ्यायचं. म्हापशाला जायचं तर शुक्रवार सोडून जा, बाजाराच्या गर्दीत चाक घेऊन शिरणाऱ्याला सगळ्यांचे टोमणे ऐकावे लागतात. नव्या टायरवरचा चार आकडी शिक्का वाचून घ्यावा: 0825 म्हणजे 2025 चा आठवा आठवडा. बाण चाक फिरतं त्या दिशेलाच.

परत बसवताना विरी उलट्या क्रमाने रिकामी करायची. एक्सलला ग्रीसचा पातळ हात द्यायचा. ब्रेकचा पेडल दाबून धरूनच एक्सलचा नट आवळायचा, म्हणजे ब्रेकचे लायनर ड्रमच्या मध्यावर बसतात. चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या हव्यात आणि चेनला मधोमध 20 ते 30 मिलिमीटर झोल. स्प्लिट पिन नवीच घालावी. जुनी सरळ करून वापरायची काटकसर दोन-चार रुपयांची असते.

नवा टायर पहिले शंभरेक किलोमीटर निसरडा असतो, वळणावर गाडी फार कलवू नये. म्हणूनही मे. जूनमध्ये त्याच वळणांवर शेवाळ येतं.