टक्के किती?

कुणी भाजलं की पहिला प्रश्न हाच येतो, म्हणजे अंगाची किती टक्के कातडी भाजली. माझ्या वेळीही आईला फोनवर सगळे हेच विचारत होते, टक्के किती गं, टक्के किती, आणि ती बिचारी केसपेपर बघून सांगायची ३५. दुसऱ्या दिवशी बर्न्स वॉर्डला हलवलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी परत मोजलं आणि २२ लिहिलं. आईला वाटलं एका रात्रीत १३ टक्के बरं झालं! तसं नसतं. आधीच्या ठिकाणी नुसती लाल झालेली कातडीपण धरली होती, आणि ती धरायची नसते, फोड आलेली किंवा त्याहून खोल भाजलेली तेवढीच मोजायची.

मोजतात कसं ते मला नंतर कळलं. मोठ्या माणसाचं डोकं-मान ९, एकेक हात ९, एकेक पाय १८, धड पुढून १८ मागून १८, जांघेचा भाग १. झाले १००. तुकड्या-तुकड्याने भाजलं असेल तर पेशंटचा स्वतःचा पंजा, बोटं जुळवून, साधारण १ टक्का धरतात (डॉक्टरांचा पंजा नाही, पेशंटचाच). लहान मुलांना हे ९ चं गणित लावायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचं डोकंच अंगाच्या १९ टक्क्यांच्या आसपास असतं, त्यांच्यासाठी वयाप्रमाणे बदलणारा लुंड-ब्राउडरचा चार्ट आहे, १९४४ पासूनचा.

आणि हा आकडा नुसता कागदावर राहत नाही, त्यावरून सलाईन ठरतं. पार्कलंड फॉर्म्युला म्हणतात, ४ मिली गुणिले वजन गुणिले टक्के. माझं वजन तेव्हा ६० किलो, म्हणजे २२ टक्क्यांना ५ लिटर २८० मिली, आणि ३५ धरले तर ८ लिटर ४००. तीन लिटरपेक्षा जास्त फरक, तोही एका दिवसात! त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत द्यायचं, आणि ते ८ तास भाजल्यापासूनचे, हॉस्पिटलला पोचल्यापासूनचे नाहीत. लघवी किती होतेय ते दर तासाला बघून कमीजास्त करतात म्हणून निभावलं जातं, पण जास्त पाणी गेलं तर अंगाला सूज येते, फुफ्फुसांवर ताण येतो. कमी पडलं तर किडनीवर. म्हणून सांगते, मोजणं नीट व्हायलाच हवं, त्यात माझं दुमत नाहीच.

पण ते २२ माझ्या पुढच्या दोन वर्षांबद्दल जवळजवळ काहीच सांगत नव्हते.

छाती आणि दंड मिळून बराचसा भाग, तो वरवरचा होता, तीन आठवड्यांच्या आत भरला. आता त्याची आठवणही येत नाही. उजव्या हाताची मागची बाजू, मनगटापासून बोटांपर्यंत, जेमतेम १ टक्का, पण खोल. तिथे मांडीची कातडी काढून ग्राफ्ट लावलं आणि खरं काम त्यानंतर सुरू झालं. व्रण आकसत जातो. हात ज्या स्थितीत ठेवून बरं वाटतं नेमक्या त्याच स्थितीत आखडतो, म्हणून रात्री स्प्लिंट (हात सरळ धरून ठेवणारा साचा), शिवाय प्रेशर ग्लोव्ह (व्रणावर दाब देणारा घट्ट हातमोजा), तो तर २३ तास, काढायचा फक्त अंघोळीला आणि मालिशला. आणि खाज! दुखण्याबद्दल सगळे विचारतात, खाजेबद्दल कुणी विचारत नाही, मी कित्येक रात्री ओला रुमाल हातावर ठेवून बसून काढल्यात. शिवाय ग्राफ्टच्या कातडीला घाम येत नाही, मोठा भाग असेल तर उकाड्यात जीव नकोसा होतो, वॉर्डातल्या एका ताईंचं हेच दुखणं होतं. व्रण लाल, कडक असतो तो मऊ पडायला वर्ष-दोन वर्षं लागतात. झोपेत दचकून उठणं, गॅस पेटवायची भीती, हे तर कुठल्याच टक्क्यात बसत नाही, आणि मी ते सात महिने कुणाला बोललेच नाही. ते लवकर बोलायला हवं होतं, त्यावरही उपचार असतात.

आमच्या थेरपिस्ट मॅडम दर आठवड्याला मला मूठ वळायला लावायच्या आणि बोटाच्या टोकापासून तळहातापर्यंत छोटी पट्टी धरून अंतर लिहायच्या. पहिल्यांदा करंगळीचं साडेचार सेंटीमीटर होतं. मग चार. मग तीन आठवडे चारच, तेव्हा मी रडले होते, आणि त्या म्हणाल्या, "वाढलं नाही ना, मग ठीक आहे, चालू ठेव." मला विचाराल तर डिस्चार्जनंतर प्रत्येकाच्या फाइलला असं एक पान हवंच, मूठ किती वळते, मान किती वर जाते, झोप किती लागते, शर्टाचं बटण स्वतः लावता येतं का, कामावर कधी गेला.

आता कुणी भाजल्याचं कळलं की मी टक्के विचारते, पण लगेच पुढचं विचारते, कुठे, आणि किती खोल? सांध्यावर आहे का? व्यायाम कुणी शिकवलाय का? माझी करंगळी तळहाताला टेकली ती चौदाव्या महिन्यात, आणि मॅडमनी पट्टी बाजूला ठेवून त्या रकान्यात ० लिहिलं.