फाउलहॉर्नचा डबा आणि दादरचं ऑफिस

मी दादरला एका टूर कंपनीत ऑपरेशन्सला आहे, म्हणजे युरोपला गेलेल्या ग्रुपची सगळी रडगाणी माझ्या फोनवर. जुलैमधली गोष्ट, बाहेर धो धो, सेंट्रल ठप्प, निम्मा स्टाफ आलाच नव्हता, आणि पाचच्या सुमारास स्विस ग्रुपमधल्या एका काकांचा फोन. "अगं, मी फाउलहॉर्नच्या टोकावर उभाय, फोनमधला बाण अजून अर्धा किलोमीटर पुढे दाखवतोय आणि पुढे जमीनच संपलीये!"

तिकडे दीड वाजलेला. फाउलहॉर्न म्हणजे २६८१ मीटरचं शिखर, आपलं कळसूबाई १६४६. ग्रिंडेलवाल्ड गावातून गोंडोलाने 'फर्स्ट' नावाच्या वरच्या स्टेशनला जायचं, मग बाखआल्पसे तळ्यावरून दोन-अडीच तास चढ. त्या दिवशी 'फ्री डे' होता, बाकीचे चॉकलेट घेत फिरत होते, काकू हॉटेलात आराम करत होत्या, आणि काका एकटेच वर.

कशाला, तर जिओकॅशिंग! कोणीतरी डबा लपवतो, को-ऑर्डिनेट्स साइटवर टाकतो, आपण जीपीएसवर शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. अमेरिकेने जीपीएस सिग्नलमधली मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये बंद केली आणि लगेच ३ मेला डेव्ह अल्मरने ओरेगॉनमध्ये पहिली बादली लपवली, हे लेक्चर काकांनी मला एअरपोर्टवरच दिलेलं. नातवाने ट्रॅकिंग कोडवाला एक बिल्ला दिला होता, तो या डब्यात टाकायचा होता.

म्हटलं, काका, आधी कड्यापासून मागे या आणि खाली बसा. तिकडच्या डोंगरातल्या रेस्क्यूचा नंबर १४१४, तो समोर लिहून ठेवला. मग म्हटलं आता आकडे वाचा. त्यांनी डायरीत उतरवलेला अक्षांश: ४६, ४०, ४३०. टिंब कुठेच नाही.

तिथेच ट्यूब पेटली, आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर हा घोळ नेहमीचाय. जिओकॅशिंगवाले अंश आणि दशांश मिनिटं लिहितात, म्हणजे ४०.४३० मिनिटं. काकांनी ते ४० मिनिटं ४३ सेकंद असं फोनमध्ये टाकलेलं. पण ०.४३० मिनिट म्हणजे जेमतेम २६ सेकंद! सतरा सेकंदांचा फरक, अक्षांशाचा एक सेकंद साधारण ३१ मीटर, म्हणजे पाचशेच्या वर मीटर उत्तरेला. स्विस सरकारी सर्व्हेचा नकाशा ऑनलाइन फुकट बघता येतो (काय सुंदर नकाशेत राव त्यांचे), तो उघडला तर त्या ठिकाणी कंटूर, म्हणजे उंचीच्या रेषा, एकमेकांना चिकटलेल्या, म्हणजे एकदम खडा उतार, खाली थेट ब्रिएंझ लेकची बाजू. काका "थोडं खाली उतरून बघू का" असं दोनदा म्हणाले होते, तेव्हा मला खरंच घाम फुटला.

रेखांशातही तोच घोळ होता. दोन्ही आकडे टिंबासकट नव्याने टाकून घेतले आणि बाण गर्रकन मागे वळला, ते आले होते त्याच वाटेकडे, शिखरावरच्या हॉटेलच्या जरा खाली.

वीस मिनिटांनी परत फोन. दगडांच्या फटीत प्लास्टिकचा डबा, वही कोरडी, सही झाली. "पण बिल्ला फारच छान आहे गं, ठेवू की परत आणू?"

"काका, ठेवा आणि निघा. शेवटचा गोंडोला चुकला तर काकूंना तुम्हीच फोन करायचा, मी करणार नाही."

तेवढ्यात दुसरी लाइन वाजली, पॅरिसच्या ग्रुपला जेवणात पोळी हवी होती.