विद्यापीठ बदलताना पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट कसे मान्य झाले: माझा अनुभव

क्रेडिट म्हणजे ठरावीक तास शिकून आणि उत्तीर्ण होऊन मिळणारे अभ्यासाचे एकक. ते ज्या ऑनलाइन खात्यात नोंदले जातात त्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीत, क्रेडिट जमा दिसणं वेगळं आणि नव्या विद्यापीठानं ते मान्य करणं वेगळं. दुसऱ्या वर्षाला विद्यापीठ बदलणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं, म्हणून लिहिते आहे.

बाबांची बदली झाली आणि बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपल्यावर मला जिल्हा, कॉलेज आणि विद्यापीठ असं सगळंच बदलावं लागलं. विषय तोच, रसायनशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे सत्राला २२, वर्षाला ४४ आणि तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिटची रचना आहे. माझे दोन्ही सत्रांचे सगळे पेपर सुटलेले होते, एकही बॅकलॉग नव्हता. शिवाय एबीसीचे २०२१ चे विनियम मी वाचले होते. खात्यातले क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतात आणि पदवी देणाऱ्या संस्थेत निदान अर्धे क्रेडिट मिळवावे लागतात. माझे तर तिथे दोन तृतीयांश व्हायचेच होते. त्यामुळे अडचण कुठे येईल असं वाटलंच नाही.

नव्या कॉलेजच्या पात्रता विभागातल्या मॅडमनी गुणपत्रिका हातात घेतली, वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तुझे चव्वेचाळीस आहेत गं, पण आमचे चव्वेचाळीस वेगळे आहेत."

सगळा गुंता त्या एका वाक्यात होता. ४४ ही नुसती बेरीज असते. तिच्या पोटात मुख्य विषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय, व्यावसायिक कौशल्य, क्षमता संवर्धन म्हणजे भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहशालेय उपक्रम असे कप्पे असतात. कप्प्यांची नावं राज्यभर सारखीच, पण कुठल्या कप्प्यात कुठला पेपर आणि कुठल्या सत्रात, हे विद्यापीठागणिक बदलतं. माझ्या जुन्या विद्यापीठात एक व्यावसायिक कौशल्याचा पेपर तिसऱ्या सत्रात होता, तोच इथे दुसऱ्यात. म्हणजे इथल्या हिशेबानं माझ्याकडे तो कप्पा रिकामा आणि दुसऱ्या एका कप्प्यात दोन क्रेडिट जास्त. एबीसी फक्त नोंद ठेवते, समकक्षता, म्हणजे जुना पेपर इथल्या पेपरच्या तोडीचा आहे का, हे ठरवत नाही. ती ठरवतात विभागप्रमुख आणि विद्यापीठाचं अभ्यास मंडळ, तेही पेपरावर पेपर ठेवून.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, ती यादी सगळीकडे लावलेली असते. क्रम मात्र सांगते. आधी जुन्या कॉलेजातून नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, मग टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, मग जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचा दाखला. मायग्रेशन हातात येईपर्यंत नवं कॉलेज प्रवेश तात्पुरताच धरतं.

नावाचा घोळ मात्र सांगायलाच हवा, कारण तो आपल्याकडे घरोघरी आहे. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. आधारवर स्वतःचं नाव आधी, आडनाव शेवटी आणि आईचं नाव नाहीच. एबीसीचं खातं डिजिलॉकरमधून, आधारच्या नावावर उघडतं. माझ्या एका सत्राचे क्रेडिट खात्यात दिसत होते, दुसऱ्याचे नव्हते. जुन्या विद्यापीठानं त्या सत्राची माहिती चढवताना नाव जुळलं नव्हतं. हे विद्यार्थ्याला स्वतः दुरुस्त करता येत नाही. क्रेडिट चढवायचं काम संस्थेचं असतं, तेव्हा अर्ज तिथल्याच परीक्षा विभागात द्यावा लागतो. मी पीआरएन म्हणजे विद्यापीठातला कायम नोंदणी क्रमांक, आधारची प्रत, गुणपत्रिका आणि खात्याच्या पानाचा प्रिंट जोडून अर्ज दिला आणि आवक क्रमांक घेतला. तो क्रमांक होता म्हणून फोनवर "असा अर्ज आलेलाच नाही" हे उत्तर चाललं नाही. नव्या ठिकाणी प्रवेश घेण्याआधी, जुन्या गावात आहात तोवरच, खातं उघडून दोन्ही सत्रं तपासा. लांब गेल्यावर हेच काम फार जिकिरीचं होतं.

मग समकक्षता. यासाठी मी जुन्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून त्याच्या पानापानावर कॉलेजचा शिक्का घेतला होता. नुसत्या पेपरच्या नावावर कुणी काही मान्य करत नाही, आणि ते बरोबरच आहे. विभागप्रमुख सरांनी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवले आणि पेन्सिलनं एकेक युनिट जुळवायला घेतलं. आण्विक संरचना जुळली. उष्मागतिकी त्यांच्याकडे पहिल्या वर्षाला, माझ्याकडे अर्धीच. कार्बनी रसायनशास्त्रातली मूलतत्त्वं माझ्याकडे जास्त खोलात होती. थिअरीचे पेपर त्यांनी मान्य केले, प्रात्यक्षिकाशी मात्र अडले. माझ्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांची यादी मोघम होती, "पुढीलपैकी कोणतीही" एवढंच लिहिलेलं.

तेव्हा मी जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, काढलं. सर्टिफाइड जर्नल, पहिल्या पानावर जुन्या कॉलेजच्या विभागप्रमुखांची सही, कॉलेजचा शिक्का आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांची सही असलेलं. सरांनी अनुक्रमणिकेवरून एकेक प्रयोग मोजला. टायट्रेशन, अकार्बनी क्षारांचं विश्लेषण, कार्बनी संयुगांची ओळख, प्रत्येकापुढे तारीख आणि जुन्या कॉलेजातल्या बाईंची बारीक सही. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात ३० तास, थिअरीचं १५. दोन क्रेडिटच्या पेपरला ६० तास भरले आहेत हे त्या तारखांवरूनच दिसत होतं. त्यांनी एका क्षाराच्या विश्लेषणावर दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली आणि प्रात्यक्षिकाचे दोन्ही पेपर मान्य झाले. परीक्षा झाली की जर्नलं रद्दीत घालणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी आता कळकळीनं सांगते, पदवी हातात पडेपर्यंत ती जपून ठेवा.

राहिला तो दोन क्रेडिटचा व्यावसायिक कौशल्याचा पेपर. त्याला दोन वाटा होत्या. एक, दुसऱ्या सत्राच्या मुलांबरोबर परीक्षेला बसणं. दुसरी, केंद्र सरकारच्या स्वयम या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर एनपीटीईएल हा आयआयटींचा उपक्रम चालवतो त्यातला मान्यताप्राप्त कोर्स करून परीक्षेतून क्रेडिट मिळवणं. माझ्या वेळापत्रकात पहिली बसत नव्हती, म्हणून दुसरी मागितली. एनपीटीईएल ८ आठवड्यांच्या कोर्सला २ आणि १२ आठवड्यांच्या कोर्सला ३ क्रेडिट सुचवते, द्यायचे की नाही हे विद्यापीठ ठरवतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात. पण "घेता येतात" म्हणजे कुठलाही कोर्स उचलून करता येतो असं नाही. मी आधी कोर्सचं नाव, कालावधी आणि आठवडावार विषय लिहून विभागाकडे दिले, "या पेपरऐवजी ग्राह्य धरण्यात येईल" असं लेखी घेतलं आणि मगच नोंदणी केली.

कोर्स फुकट, परीक्षेची फी वेगळी. आठवड्याच्या असाइनमेंटपैकी सर्वोत्तम असाइनमेंटचे गुण धरून २५ पैकी आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ पैकी. असाइनमेंटमध्ये निदान १० आणि परीक्षेत निदान ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात, एकाची भर दुसऱ्याला चालत नाही. असाइनमेंटची मुदत उलटली की उलटली. मी दर रविवारी ती करून टाकायचे. खरं सांगायचं तर वर्गात बसून मी तो विषय इतका नीट शिकले असते असं मला वाटत नाही. परीक्षेतून क्रेडिट मिळवणं म्हणजे पळवाट, असं मला ज्यांनी ऐकवलं त्यांनी ती परीक्षा एकदा देऊन पाहावी.

सगळ्यात जास्त अडलं ते श्रेणीगुणांवर. क्रेडिट मान्य झाले, पण पहिल्या वर्षाचे ग्रेड पॉइंट अंतिम सीजीपीएत, म्हणजे सगळ्या सत्रांच्या श्रेणीगुणांच्या सरासरीत, धरणार की नुसती "सूट" लिहिणार? खिडकीवर दर वेळी वेगळं उत्तर. एम.एस्सी.च्या प्रवेशाला सीजीपीए बघतात, त्यामुळे हे तोंडी सोडून चालणार नव्हतं. मी परीक्षा विभागाला पत्र देऊन नेमका हाच प्रश्न विचारला. दोन्हीकडे दहाचीच श्रेणीपद्धत असल्यानं गुण धरले जातील, असं लेखी उत्तर आलं. त्या पत्राची एक प्रत कॉलेजच्या फाइलला लावली, एक माझ्याकडे ठेवली, आणि त्याच आठवड्यात चौथ्या सत्राचा परीक्षा फॉर्म भरला.