तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री सिंह तंबूत शिरत नाही का?

कोल्हापुरात पाऊल टाकलं की चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न हाच. सहसा नाही शिरत. दक्षिण आफ्रिका खंडातल्या बोट्स्वाना देशात, ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात, संशोधनाच्या तंबूंना बहुधा कुंपण नसतं आणि सिंह अगदी जवळून जातो. पण बंद तंबू त्याला शिरायची जागा वाटत नाही. बंद म्हणजे झिप शेवटच्या दातापर्यंत ओढलेली. उकडतंय म्हणून चार बोटं फट ठेवली, की आधी विंचू येणार. रात्री उठायचंच झालं तर आतूनच टॉर्च गोल फिरवून डोळे चमकतात का बघायचं. गवतात बारीक ठिणग्या दिसल्या तर ते कोळी. मोठी जोडी दिसली तर कळ काढायची.

खरी काळजी वासाची. तंबूत खाण्याचं काही नको, कांदा-लसूण चटणीची बरणीसुद्धा नाही. सगळं कडीच्या पत्र्याच्या पेटीत. संत्री-मोसंबी तर आणायचीच नाहीत, त्या वासाला हत्ती गाडीची काच फोडून सोंड आत घालतो. आणि हो, आपलं पायताण बाहेर काढू नका. कमावलेलं कातडं म्हणजे तरसाचा खाऊ, सकाळी अंगठा सापडला तरी नशीब. बूट आत ठेवले तरी घालताना झटकायचे. विंचवाच्या नांग्या बारीक आणि शेपूट जाड असली तर तो जास्त विषारी.

सिंहापेक्षा गवत जास्त छळतं, यावर मात्र कुणी विश्वास ठेवत नाही. उंच गवतातून गाडी नेली की बिया रेडिएटरच्या जाळीत भरतात आणि इंजिन तापतं, म्हणून पुढे बारीक जाळी बांधतात. वाळकं गवत खाली सायलेन्सरभोवती गुंडाळलं की गाडीच पेटते. दर अर्ध्या तासाने उतरून, आधी चौफेर बघून, ते काठीने ओढून काढायचं. वाळूत टायरची हवा २० पौंडांच्या आसपास आणतात, म्हणजे चाक पसरतं, रुतत नाही. डांबरी लागली की पुन्हा भरायची. मऊ टायर वेगात तापून फुटतो. मोपाने या तिथल्या झाडाचं लाकूड लोखंडासारखं. त्याचा तुटका खुंट टायरच्या बाजूला घुसला तर पंक्चर निघत नाही, टायरच बदलावा लागतो. स्टेपन्या दोन हव्यात.

पुराचं गणितही आपल्या उलटं. पंचगंगा पावसासोबत चढते. तिथे जानेवारी-फेब्रुवारीत अंगोलाच्या डोंगरात पडलेलं पाणी सपाटीवरून सरकत सरकत माउन गावाजवळ जून-जुलैला पोचतं. तेव्हा तिथे कोरडा हिवाळा असतो, आभाळात ढग नसतो आणि महिन्यापूर्वीची वाट पाण्याखाली. खोली बघायला पाण्यात उतरू नका, मगरी असतात. पलीकडच्या काठावर दुसऱ्या गाडीची ताजी चाकोरी दिसली तरच गाडी घालायची, नाहीतर वळवायची.